मामांबरोबर झाडीपट्टीत पाच दिवस

भाऊबीज झाली की लगेच निघायचं, हे मामांनी फोनवर ठरवूनच टाकलं होतं. आईच्या गुडघ्यांना आता इतका लांबचा प्रवास झेपत नाही. तिनं निरांजन, सुपारी आणि करंज्यांचा डबा माझ्या पिशवीत भरला आणि दोन कामं सांगितली: "माझ्या वाटचं तू ओवाळ. आणि त्याला एकदा हाजरा फॉल दाखवून आण." मग दारात आल्यावर तिसरं आठवलं. "गावच्या तलावात कमळं उरलीत का, तेवढं बघशील?"

मामा ७६ वर्षांचे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. सुटी लागली की दुर्गहून गाडीनं भंडारा रोड, सुटी संपली की परत. त्या वाटेवर सालेकसा सोडलं की डोंगर जवळ येतात, पुढे दरेकसा आणि मग बोगदा. तिथंच झाडीतून हाजरा फॉल दिसतो. पावसाळ्यात अख्खा डबा त्या बाजूच्या खिडक्यांना लोटतो. मामांनी तो धबधबा शेकडो वेळा पाहिला, पण सगळा गाडीतूनच. जाताना ड्यूटी गाठायची असायची, येताना घर.

खर्चाचं मात्र आधीच ठरलं होतं. स्वतःची गाडी नाही, रिसॉर्ट नाही. रेल्वे, एसटी आणि पाय. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून फुकट प्रवास आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळे आमच्या जोडीला एसटी फारच स्वस्त पडणार होती. आधारकार्ड मामांनी शर्टाच्या वरच्या खिशातच ठेवलं होतं. सोबत एक छोटी डायरी, तिच्यात पाच दिवसांचा पै-पैचा हिशोब.

पहिला दिवस

पुण्याहून रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले. ही गाडी कोल्हापूरहून निघून थेट गोंदियापर्यंत जाते, म्हणजे राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. हळू चालते, पण मला आवडते. विदर्भात शिरल्यावर कापूस आणि तूर दिसत राहतात, आणि नागपूर मागे पडलं की बघता बघता सगळं बदलतं. कापूस संपतो, धान सुरू होतं. चौकोनी बांध्या, त्यांचे धुरे, मधूनच पाण्याचा चमकता तुकडा. हीच झाडीपट्टी.

भंडारा रोडला मामा चढले. त्यांच्या डब्यात सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, आणि वडे होते. गाडीतच निरांजन लावणं शक्य नव्हतं, म्हणून नुसतं कुंकू लावलं आणि ओवाळणं रात्रीवर ठेवलं. मामा खिडकीशी बसले ते गोंदिया येईपर्यंत बाहेरच बघत होते. हलकं, लवकर येणारं धान कापून कडपा पडलेल्या, भारी, उशिराचं धान अजून उभं. "माह्या लहानपणी आपल्या बांधीत सारसाची जोडी यायची," ते म्हणाले, "आईपेक्षा उंच." सारस माणसाच्या उंचीचा असतो, तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, आणि तोही मोजण्याइतका.

संध्याकाळी गोंदियात स्टेशनजवळ लॉज घेतलं. ६०० रुपये, दोन पलंग, स्वच्छ चादरी. खोलीतल्या टेबलावर निरांजन लावून मामांना ओवाळलं. त्यांनी ओवाळणीची दोन पाकिटं काढली. एकावर आईचं नाव होतं.

दुसरा दिवस: हाजरा

सकाळची मेमू पकडली. माणशी १५ रुपये. आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. सालेकशानंतर मामा दाराशी जाऊन उभे राहिले. मी त्यांचा दंड धरून ठेवला, त्यांना त्याची गरज वाटत नव्हती तरी. दरेकशाला आमच्यासोबत आठ-दहा माणसं उतरली. गाडी पुढे गेली, तिचा आवाज डोंगरात शिरून विरला, आणि फलाटावर एकदम झाडांचा वास आला. ओला, थोडा कुजका, मोठ्या जंगलाचा.

गावातल्या वाटेनं चालत निघालो. मामांच्या चालीनं पाऊण तास लागला. दोन्हीकडे साग, ऐन, धावडा आणि बांबूची बेटं. वाटेत एका घरासमोर दिवाळीतल्या गायगोधनाच्या दिवशीचे शेणाचे गोळे अजून तसेच होते, त्यांच्यावर झेंडूची फुलं सुकलेली. धबधब्याची देखभाल गावकऱ्यांची वन समिती करते. तिकीट, पार्किंग, पोरांसाठी दोरावरचे खेळ, सगळं तिच्याकडे. तिकिटाचे पैसे गावातच राहतात हे मला फार पटलं. दारावरच्या मुलीनं मामांचा हात धरून त्यांना पहिल्या पायऱ्या उतरवल्या.

पाणी आधी ऐकू आलं. मग झाडं बाजूला झाली आणि समोर काळा कातळ, त्यावरून टप्प्याटप्प्यानं कोसळणारा पांढरा पट्टा. श्रावणातला जोर नव्हता. पण यंदा पाऊस लांबला होता, त्यामुळे खालच्या डोहापर्यंत तुषार उडत होते. मामा एका दगडावर बसले. चपला काढून बाजूला ठेवल्या, जसं देवळात ठेवतात. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "गाडीतून आवाज येत नव्हता ना."

इतक्या वर्षांत त्यांनी धबधबा पाहिला होता, ऐकला कधीच नव्हता. गाडीचा खडखडाट आणि बोगद्यात शिरताना इंजिनाची शिट्टी यांत पाण्याचा आवाज कुठून यायचा! ते डोळे मिटून ऐकत बसले. मी पाण्यात पाय सोडून बसले. दोन तास गेले असतील. या दोन तासांत वरून तीन गाड्या गेल्या. प्रत्येक गाडीच्या वेळी मामा मान वर करून त्या दिशेला बघायचे. तिसरीला त्यांनी हात हलवला. "कोनीतरी दारात उभा असंल," म्हणाले.

इथून जवळच कचारगड आहे. डोंगराच्या पोटातली ती प्रचंड गुहा गोंड समाजाचं मोठं तीर्थ आहे. पारी कुपार लिंगोंनी तिथं कोंडलेल्या मुलांना मोकळं केलं, त्यातून गोंडांच्या कुळांची परंपरा सुरू झाली, असं मानतात. माघ पौर्णिमेला कितीतरी राज्यांतून लोक येतात. चढ मामांना जमला नसता, म्हणून आम्ही त्या बाजूला गेलो नाही. जत्रेच्या दिवसांत परत यायचं, हे डायरीत लिहून ठेवलं. पण जाणाऱ्यांनी ते देवस्थान आहे हे ध्यानात ठेवून जावं, तिथं सहलीचा गोंगाट करू नये.

परतीची गाडी तासभर उशिरा आली. स्टेशनबाहेर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती, काळे, टोकदार, गरम. वीस रुपयांचे घेतले आणि फलाटावर बसून सोलून खाल्ले.

तिसरा दिवस: नवेगावबांध

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी सकाळची गाडी. मामांच्या तरुणपणी ही छोटी लाईन होती, इंजिन धापा टाकत चढ चढायचं, पोरं उतरून बाजूनं पळायची. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले. देवलगावला उतरलो. तिथून नवेगावबांध अगदी जवळ. गावात ८०० रुपयांत खोली मिळाली, पिशव्या टाकल्या आणि थेट तलावावर.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. लहानपणी उन्हाळ्यात आजोळी आलं की मोठी माणसं सारखं 'मामा तलाव, मामा तलाव' म्हणायची. मला वाटायचं, तो आमच्या मामांचाच तलाव. शाळेत मैत्रिणींना मी तसं सांगितलंही होतं. खरा अर्थ फार उशिरा कळला. 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. इथल्या गावांचा सारा गोळा करणारे ते मालगुजार. १९५१च्या सुमाराला मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, आणि कागदावरच्या 'माजी मालगुजारी' या दोन लांब शब्दांचं पहिलं पहिलं अक्षर लोकांनी उचललं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत.

ते खोदले कोणी? मुख्यतः कोहळी समाजानं. परंपरा अशी सांगते, की चांद्याच्या गोंड राजानं जाहीर केलं होतं: जो तलाव बांधील, त्याच्या पाण्यानं जेवढी जमीन भिजेल तेवढी त्याची. कोहळ्यांनी जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखला, दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरली, मातीची पाळ घातली. नवेगावबांध हा त्यातला सगळ्यात भव्य. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. भोवती सात टेकड्या, त्यांना सात बहिणी म्हणतात. टेकड्यांच्या मधल्या फटी पाळींनी बुजवल्या आणि मध्ये पाणी अडलं, जवळपास ११ चौरस किलोमीटर. पुढे लोकांनी कोलू पाटलांनाच देव केलं. कोलासूर या नावानं टेकडीवर त्यांचं ठाणं आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाला गावानं देव्हाऱ्यात बसवलं, ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

पाळीवर उभं राहिलं की हे माणसाच्या हातचं काम आहे, असं वाटतच नाही. पलीकडचा काठ धूसर. मध्ये कमळाची पानं, त्यांच्यावरून लांब बोटं टाकत चालणारे कमळपक्षी. अडई बदकांचा थवा शिट्टी घालत उठायचा आणि परत बसायचा. उत्तरेकडचे पाहुणे पक्षी अजून थोडेच आले होते, खरा मेळा थंडी पडल्यावर भरतो. एका पाणवनस्पतीकडे बोट दाखवून मामा म्हणाले, "हे देवधान. पेरावं लागत नाही. ढीवर लोक डोंग्यात बसून झोडतात." ढीवर म्हणजे इथले मासेमार. आजी उपासाला त्याचा भात करायची, हेही त्यांना आठवलं.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथं राहिले होते. इथल्या माधवराव पाटलांकडून आणि आदिवासींकडून ते हे रान आणि पाणी शिकले. २०२५च्या जूनमध्ये ते सोलापुरात वारले, पद्मश्री मिळाल्यावर अगदी थोड्याच दिवसांत. मामांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचं लिखाण भिलाईच्या क्वार्टरमध्ये वाचून गावाची आठवण भागवली होती. संध्याकाळी पाळीवर बसून ते मला पक्ष्यांची झाडीबोलीतली नावं सांगत होते, मी फोनमध्ये लिहून घेत होते. वीसेक झाली. काही नावं त्यांनाही अर्धीच आठवली.

नवेगावच्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आत जायला जीप लागते, तिचा खर्च आम्ही नागझिऱ्यासाठी राखला होता. इथं पाळीवरून आणि गावाकडच्या रस्त्यानं पायीच फिरलो.

रात्री शेजारच्या गावात मंडई होती. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, गोवाऱ्यांचा नाच, दंडार, आणि रात्री नाटक. लेकी-जावई, सोयरे, सगळे त्या दिवशी गावात. तंबूत हजारभर माणसं मांडी घालून बसलेली, बाजूला ऑर्गन आणि तबला, दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालणार. मामांना पूर्ण बघायचं होतं. मला साडेबारालाच झोप अनावर झाली, तेव्हा ते कुरकुर न करता उठले. लॉजवाल्याचा भाऊ मोटारसायकलवर दोन फेऱ्या करून आम्हाला सोडून गेला आणि पैसे घेईना. शेवटी त्याच्या मुलीसाठी आईच्या करंज्या दिल्या.

चौथा दिवस

एसटीनं अर्जुनी मोरगाव, तिथून गोठणगावकडे. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण बघायचं होतं. मोठं, सरळ, भरपूर पाण्याचं धरण आहे, पण नवेगाव बघून आल्यावर मन फार रमलं नाही. गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. पताका, मठ, आणि शांतता. घरं बरीच बंद. थंडीत इथले लोक शहराशहरांत स्वेटर विकायला जातात. पुण्यात दर हिवाळ्यात स्वेटर विकणारी तिबेटी माणसं बघते, त्यांच्यातलं एखादं घर इथलं असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मठाच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ जपमाळ ओढत बसले होते. मामांनी त्यांना हिंदीत वय विचारलं. ते दोन वर्षांनी मोठे निघाले. मग दोघं गुडघ्यांविषयी बोलत बसले.

दुपारी अर्जुनीहून साकोलीची बस. कंडक्टरनं मामांना शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं, त्यांनी ते डायरीत जपून ठेवलं. संध्याकाळी मामांच्या गावी पोचलो. चुलतभावाच्या घरी वहिनींनी तांदळाची भाकर आणि मरळीचा रस्सा केला होता. थेट निजलो.

पाचवा दिवस: नागझिरा, आणि आपला तलाव

पहाटे साडेचारला उठून पिटेझरी गेट गाठलं. भंडाऱ्याच्या एका कुटुंबाच्या जिप्सीत दोन जागा होत्या. आमच्या वाट्याला १,२०० रुपये आले, सगळ्या प्रवासातला सर्वात मोठा आकडा. मामा कचरत होते, पण मी ऐकलं नाही.

नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं, आणि २०१३ मध्ये नवेगावसह व्याघ्र प्रकल्प. आत तलावाकाठी विश्रामगृहं आहेत आणि तिथं वीज नाही. हे असंच राहावं. धुक्यात गाडी हळूहळू चालली होती. हळदू, बिजा, तेंदू, मोह. मोहाच्या एका झाडाशी गवे उभे होते, खुरांजवळ पांढरे मोजे घातल्यासारखे. वाघ दिसला नाही. पण तलावाच्या काठी रानकुत्र्यांची टोळी आली. सात-आठ असतील, तांबूस अंग, काळी शेपटी. पाणी प्यायली, एकमेकांच्या अंगावर उड्या मारल्या, आणि शिट्टीसारखा बारीक आवाज काढत झाडीत गेली. जिप्सीतला लहान मुलगा श्वास धरून बसला होता. मामाही.

नागझिऱ्यातून उतरणारं पाणी खाली गावोगावच्या तलावांत येतं. परतताना मामा रस्त्यालगतचे नाले दाखवत होते, हा कुठून येतो, कुठं जातो. या रानाची माती, पानगळ आणि ओल यांच्यावरच खालचं धान उभं आहे. त्यामुळे जंगल वेगळं आणि तलाव वेगळा, असं मामा कधी बोलतच नाहीत.

दुपारी गावच्या तलावावर गेलो. नवेगावच्या मानानं लहानसा. गावाजवळच्या काठावर बेशरमी या तणाचं रान माजलं होतं, गादही बरीच साचली आहे. पूर्वी मालगुजार गाव घेऊन दर उन्हाळ्यात पाळ दुरुस्त करायचा. तलाव सरकारी झाल्यावर ती घडी मोडली. निस्तार पत्रकात गावाचे पाण्यावरचे हक्क लिहिलेले आहेत, पण गाळ काढणं कोणाच्या वाट्याचं, यावर वर्षं गेली. मामांच्या आवाजात इथं प्रथमच राग आला. "तलाव म्हातारा झाला म्हनून सोडून द्याचा का?" अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या काही गावांत ढीवर बायांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, आणि हरवलेले मासे परत आले. हे मी वाचलं होतं, ते मामांना सांगितलं. त्यांनी गावांची नावं विचारून घेतली आणि डायरीत लिहिली, हिशोबाच्या पानाशेजारीच. पुण्याची रेल्वे सोडून दोघांचा पाच दिवसांचा खर्च तिथं ४,८८० रुपये लिहिलेला होता.

मग ते पाळीवरून उतरून दगडी पायऱ्यांपाशी गेले. तलाव किती भरला ते पूर्वी या पायऱ्यांवरून मोजायचे. चौथी पायरी पाण्यात होती. मामांनी वाकून पाण्यात हात घातला. भारी धानाला शेवटचं पाणी सुटलं होतं आणि पाटातून त्याचा बारीक आवाज येत होता.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. मामांनी फोन हातात घेतला. "बारके, चार पायऱ्या पानी आहे पाह्य."

"ते कळलं," आई म्हणाली. "कमळं?"

फुलं सरली होती. पलीकडच्या कोपऱ्यात पानं मात्र दाट होती, आणि पानांच्या वर कमळगट्टे उभे होते. शिंगाडे काढणारा एक पोरगा डोंग्यातून त्याच बाजूला चालला होता. मामांनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्याला हाक मारली. येताना त्यानं पाच गट्टे तोडून आणले, देठासकट, पाणी गळत असलेले. मामांनी एक फोडून मला खायला दिला. बाकीचे चार पंच्यात गुंडाळून माझ्या पिशवीत वर ठेवले, पुण्याला पोचेपर्यंत दबू नयेत म्हणून.